चोवीस व्होल्टचा उजेड

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

पप्पांनी पडघ्याहून ड्युटी संपवून येताना गाडी दाजींच्या पेंढ्यात घातली. दाजी शेजारचे. भात झोडला की पेंढा रस्त्याच्या कडेलाच रचतात. पप्पांचं म्हणणं, म्हैस वाटली. हॉर्न दिला. म्हैस हलली नाही. म्हणजे चूक म्हशीची.

दाजी बोलले, रामनाथ, म्हशीला शिंगं असतात, माझ्या पेंढ्याला कुठं बघितलीस?

जेवताना पप्पा बोलले, गाडी विकून टाकू, मनोज घेतो बोलतोय. मनोज माझा चुलत भाऊ, टेम्पो चालवतो. मी बालवाडीत असताना घेतलेली गाडी. पप्पांनी भात परत घेतला नाही. मला बघवेना.

आई बोलली, आधी डोळे दाखवा.

मी शांतपणे अ‍ॅनालिसिस केलं. डोळे ठीक आहेत. गेल्याच महिन्यात पप्पांनी माझी कादंबरी शेवटपर्यंत चाळली आणि बोलले, एक नंबर. माझ्या कादंबरीत विरामचिन्हं नाहीत. प्रकरणंही नाहीत. ती ज्याला दिसते त्याला म्हैस दिसणार नाही? प्रॉब्लेम हेडलाइटचा आहे. जुनी गाडी, आजारी पिवळा उजेड.

एक्स्ट्रा लायटी लावायच्या. मी स्वतः. रविवारपर्यंत.

५ नोव्हेंबर

पडघ्याला हायवेवरच्या दुकानातून लायटी आणल्या. सगळे ट्रकवाले तिथूनच घेतात, म्हणजे माल प्रोफेशनल. बारा व्होल्टच्या होत्या आणि चोवीसच्या. साहजिकच चोवीस घेतल्या. डबल.

दुकानदार बोलला, भाई, गाडी कौनसी है? मी बोललो, पुरानी है. तो बोलला, रिले भी ले लो, फ्यूज भी, नहीं तो वायर जलेगी. मी फक्त हसलो. सेल्समन लोक.

९ नोव्हेंबर, रविवार

लावल्या नाहीत. आधी थिअरी. एक व्हिडिओ बघितला. अर्धा. पुढचं इंट्युशनवर. कादंबरीपण अशीच लिहिली.

ड्रिल मनोजचं. तो बोलला, लेखक, वायरमन बोलव ना. मी बोललो, क्रिएटिव्ह कामात आउटसोर्सिंग नसतं. तो बोलला, बरं, पण गाडी मला घ्यायची हाय, जरा बघून फोड.

११ नोव्हेंबर

लायटी लागल्या! म्हणजे बसल्या. पेटल्या नाहीत. उजवी समोर बघते, डावी आभाळात. मुद्दाम नाही, पण आता मुद्दामच.

१२ नोव्हेंबर

पेटल्या!! हॉर्न दाबला की पेटतात, सोडला की विझतात. हॉर्नच्या वायरीला वायर गेली असावी. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, भिवंडीत हॉर्नवरून हात काढतो कोण? म्हणजे लायटी कायम चालू. ह्याला डिझाइन म्हणतात.

पप्पांनी अंगणात दाबून बघितलं. दाजींची म्हैस उठून निघून गेली. ह्या वेळी खरी होती.

१४ नोव्हेंबर, सकाळ

काल कनेक्शन बदललं. सरळ बॅटरीवर. आज गाडी स्टार्टच नाही. बॅटरी संपली. लायटी बंद करायला विसरलो असं घरी सांगितलं. खरं म्हणजे बंद करायला बटणच नाहीये.

पप्पा मनोजच्या टेम्पोत, मागे सुताच्या गोण्यांवर बसून ड्युटीला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

उद्यापासून शिस्त. पहिलं काम बटण.

१६ नोव्हेंबर

बॅटरी चार्ज करून आणली. बटण बसवलं. स्टिअरिंगच्या खाली, लपवून. डॅशबोर्डचं सौंदर्य बिघडायला नको. दाबलं. लायटी पेटल्या! त्याच क्षणी जुना डावा हेडलाइट गेला. थोडा वास आला. थोडा धूर. वायर वितळली बहुतेक. दुकानदार असं काहीतरी बोलला होता, पण त्याचा टोन चुकीचा होता.

डॅशबोर्ड खोलून बसलो असताना आई बाजूला उभी राहून काहीतरी सांगत होती. मंगळवार, ठाणे, डॉक्टर, गाडी लागेल. माझ्या तोंडात वायरीची टेप होती. हूं हूं केलं. तिचे गुडघे असणार. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसली तरी भागेल, पण आपलं ऐकतं कोण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॅशबोर्ड माझ्या मांडीवर, म्हणून आई आणि पप्पा रिक्षाने गेले. गुडघे आईचे आणि पप्पांनी सुट्टी टाकली. ह्या वयात एवढं प्रेम. ह्यावर लिहायला हवं.

१९ नोव्हेंबर

पप्पा घरात काळा गॉगल लावून बसलेत.

काल दोघं परत आले तेव्हा मी अंगणात टेस्टिंग करत होतो. लायटींच्या समोरूनच आले. डोळ्यांवर उजेड गेला असणार. चोवीस व्होल्ट म्हणजे मस्करी नाही.

मनोज लायटी बघायला आला आणि हसत सुटला. बोलला, ह्या ट्रकच्या लायटी हायत, लेखक. ट्रकला चोवीस, आपल्या गाडीला बारा. अर्ध्यापण पेटत न्हायत. देव्हाऱ्यातला दिवा ह्याच्यापेक्षा बरा.

मनोजला भगभगीत उजेडाची सवय. वॉर्म टोन काय समजणार?

आई सारखी पप्पांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकते. मला गिल्टी वाटलं. जाऊन सॉरी बोललो. पप्पा बोलले, तू कशाला सॉरी बोलतोस? मोठं मन आहे माणसाचं.

२४ नोव्हेंबर

पप्पा अजून सुट्टीवर. डोक्यावरून आंघोळ करत नाहीत. थंडी असेल.

हेडलाइट निजामपुऱ्यातल्या वायरमनकडून करून घेतला. रिले, फ्यूज सगळं त्यानेच टाकलं. लायटींचा सेटअप बघून त्याने दुसऱ्या कारागिराला हाक मारली, इधर आ, देख. दोघं बराच वेळ बघत होते. कामाची किंमत कामवाल्यांनाच. घरी सांगायची गरज नाही.

४ डिसेंबर, संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस!!

पप्पा आज गाडी घेऊन ड्युटीला गेले. अंधार पडायच्या वेळेला परत. आई दारातच उभी. दाजींच्या पेंढ्याला नीट वळसा, मग अंगणात गाडी एकदम सरळ. पप्पा उतरले ते हसतच. मला बोलले, भाविक, काय लख्ख दिसतंय रे! ट्रकच्या मागं काय काय लिहिलेलं असतं, सगळं वाचत आलो!

मनोजला तिथंच फोन केला. गाडी विकायची न्हाय.

आईने डोळे पुसले. मी आत जाऊन पुसले.

आता मागे वळून बघायचं नाही. सगळ्या आळीच्या गाड्यांना लायटी. बिझनेसचं नाव 'दृष्टी'. पहिलं गिऱ्हाईक दाजी, त्यांच्या स्कूटरला.

५ डिसेंबर, सकाळ

दाजींना पूर्ण थिअरी सांगितली. व्होल्टेज, वॉर्म टोन, पप्पांची केस स्टडी. दाजींनी सगळं ऐकलं. तंबाखू मळून झाली, चुना झटकून झाला. मग बोलले, आरं येड्या, तुझ्या बापाचा मोतीबिंदू काढला ना ठाण्याला. आख्ख्या आळीला ठाव हाय.

मी बोललो, हो हो, ते तर आहेच.

घरी येऊन आईला विचारलं. ती बोलली, सांगितलं होतं तुला, तू हूं बोललास. डॅशबोर्ड मांडीवर घेऊन बसलावतास म्हणून तर रिक्षा केली. काळा चष्मा काय बाप हौसेनं घालून बसला व्हता?

तरी लायटींचा थोडा वाटा असेलच. पप्पांना विचारलं, काल येताना लायटी लावलेल्या ना?

पप्पा बोलले, बटण कुठं हाय त्यांचं?

१४ डिसेंबर

पप्पांचा वाचायचा नवा चष्मा आला. बोलले, तुझी ती कादंबरी आण. मागं नुसती पानं उलटली होती, अक्षर लागत नव्हतं. तुला वाईट नको म्हणून एक नंबर बोललो. आता नीट वाचतो.

ओट्यावर बसले. मी आत, दाराच्या मागे.

पहिलं पान. दुसरं. तिसऱ्यावर थांबले. एक डोळा झाकून वाचलं. मग दुसरा झाकून. आईला हाक मारली, डॉक्टरनं परत कधी बोलावलंय गो? आई धावत आली, का, काय झालं, दिसत न्हाय? पप्पा बोलले, दिसतंय. सगळं दिसतंय.

मग कादंबरी मिटली, अंगणात गेले. वाकून गाडीतलं बटण शोधलं. दाबलं. दोन्ही लायटी पेटल्या, म्हणजे जेवढ्या पेटतात तेवढ्या. एक समोर, एक आभाळात. पप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

परत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलले, बाळा, त्यापेक्षा लायटी बऱ्या.