मद्रास जिंकलं तर

२० जानेवारी १९५२

पुण्याच्या वेधशाळेचं पत्र आलं. हवामानाच्या नोंदींची गणितं करायची जागा — मला मिळाली! १८ फेब्रुवारीला हजर व्हायचं. पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची गरज नव्हती.

तात्यांनी एकदाच वाचलं. "एकटी राहणार पुण्यात? आपली टीम कसोटी जिंकेल त्या दिवशी जा!" म्हणजे कधीच नाही. माईला हसू आलं. मला नाही.

"शब्द?" मी विचारलं.

"शब्द! ड्रॉइंग मास्तरचा."

२१ जानेवारी

तात्यांनी जपलेली क्रिकेटची कात्रणं मी काढली. आलेखाचा कागद घेतला. आजवर चोवीस कसोट्या. बारा पराभव, बारा अनिर्णित, विजय शून्य. गेल्या आठवड्यात कानपूरला तर तीन दिवसांत हरलो.

पण! पहिल्या पंधरांत पराभव दहा, पुढच्या नऊंत फक्त दोन. तीन वर्षांपूर्वी मुंबईला विजय सहा धावांनी हुकला. फलंदाजी सुधारते आहे. अडतं ते वीस गडी बाद करण्याशी. पाच-दहा वर्षांत ही टीम जिंकायला लागेल, यात मला शंका नाही.

माझ्याकडे मात्र एकच सामना आहे. मद्रास, ६ फेब्रुवारी, इंग्लंडविरुद्ध. शक्यता दहात एक. खोडून आठात एक लिहिलं. कारण काही नाही!

६ फेब्रुवारी

खाली चनबसाप्पांच्या गुळाच्या दुकानात रेडिओ ऐकला. "पद्माताई, तुमचं लगीन हाय काय मद्रासला? नखं खाऊन संपवलीसा की!"

इंग्लंडचा राजा वारल्याची बातमी आली. उद्या खेळ नाही.

७ फेब्रुवारी

दिवस सरत नाही. तात्या शाळेतून आले ते मागच्या खोलीत दार लावून बसले. हातांना टर्पेंटाइनचा वास. "शाळेचे फलक," म्हणाले.

८ फेब्रुवारी

इंग्लंड सर्व बाद २६६! आपल्या एकट्या डावखुऱ्या गोलंदाजानं आठ गडी! शक्यता चारात एक.

९ फेब्रुवारी

आपले ४५७! दोन शतकं! आघाडी १९१. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. चनबसाप्पा ओरडले, "ओ पावणं, सरका की! मास्तरांच्या पोरीला ऐकू द्या!"

तात्या शेजारीच. दर चौकाराला टाळी वाजवतात, मग माझ्याकडे बघून हात खाली घेतात. बिचारे!

शक्यता लिहायची सोडून दिली.

१० फेब्रुवारी

जिंकलो!!! एक डाव आठ धावांनी! पंचविसाव्या कसोटीत पहिला विजय! चनबसाप्पांनी रस्त्यावर दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवला. मी भर रस्त्यात उड्या मारल्या — तीन! तात्यांनी टोपी उडवली, ती गटारात पडली.

जेवताना मात्र म्हणाले, "एका सामन्यानं काय होतंय? टीम अजून कच्चीच आहे."

"शब्द, तात्या?"

पानावरून उठून गेले. आमटी तशीच राहिली.

मी जाणार. शब्द तो शब्द. पण त्यांना हरवून जाते आहे.

११ फेब्रुवारी

जाग आली तर उशाशी तात्यांची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव, खाली 'पुणे'. त्यांच्या सर्वांत चांगल्या अक्षरात.

अंगठा दाबून पाहिला. खूण उठली नाही. हा रंग इतका पक्का वाळायला तीन-चार दिवस लागतात.

सामना काल संपला.