‘निळी खिडकी’ कशामुळे पडलं

१ ऑगस्ट, दिघी
‘निळी खिडकी’ आज आलं. आमच्या बँडचं दुसरं गाणं, शब्द आणि आवाज माझा. ‘बस चुकली’ आलं तेव्हा संध्याकाळपर्यंत फोन तापला होता. आज एकच फोन, गॅसवाल्याचा. गिटारवाल्या केदारचा मारुंजीहून मेसेज: "धीर धर राव, लोक ऐकतायत." कुठले लोक? त्याच्या ऑफिसातले चार?

४ ऑगस्ट
पेपरात परीक्षण. "‘बस चुकली’मध्ये कंपनीची बस सुटलेल्या पोराचा जीव जात होता. ‘निळी खिडकी’मध्ये तोच गायक खिडकीत बसून चहा पितो." झालं. दोन वाक्यांत मुडदा पाडला.
आई म्हणते, "नाव आलंय ना? मग तोंड पाडून काय बसलास?" कात्रण फ्रिजला लावलं तिनं. आता थंड पाणी बंद.

५ ऑगस्ट
कुणीतरी लिहिलंय, "पोटभर जेवून लिहिलेलं गाणं." अरे हलकटा! नोकरी सोडून आईच्या पेन्शनवर जगतोय मी. पोटभर म्हणे.

८ ऑगस्ट
पिंपरीच्या मंडळाचा फोन. गणपतीतला कार्यक्रम पक्का, "पण नवीन नको हं भाऊ. ‘बस चुकली’च दोनदा म्हणा." हो म्हणालो. फोन ठेवल्यावर रडू आलं, खोटं कशाला बोलू.

१० ऑगस्ट
भोसरीच्या शेडमध्ये प्रॅक्टिस. झाली नाही. ड्रमवाला बाळ्या चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासायच्या खात्यात आहे. कंपनीत माल रिजेक्ट झाला की करतात तेच केलं त्यानं. खडू घेतला, भिंतीवर पाच वेळा ‘का’.
गाणं पडलं का? जीव नाही. जीव का नाही? शब्द खोटे. खोटे का? लिहिणाऱ्यानं काही बघितलेलं नाही. का? घरात बसून असतो. घरात का?
इथं बाळ्या अडला. "ऱ्हाऊ दे आता."
मी खडू हिसकावला, लिहिलं: नोकरी सोडली.
केदार मोबाइलमध्ये तोंड घालून. तिघांनी सोडायची असं ठरलं होतं ना रे? मी राजीनामा दिला आणि हे दोघं ‘बघू’ म्हणाले. आज तेवढंच म्हणायचं होतं. खडू बाळ्याला परत दिला.
कंपनीच्या पद्धतीत शेवटी उपाय लिहावा लागतो. बाळ्यानं लिहिला. "आमच्या लाइनला जागा हाय. कंत्राटी. ये तू. उभा ऱ्हायलास की सुचंल बघ."
म्हणजे गाण्यासाठी परत पिळून घ्यायचं? आणि हे दोघं वाजवणार?

११ ऑगस्ट
बाळ्याशी बोललो नाही. बँड सोडावा. सोडून करू काय पण?

१४ ऑगस्ट
गेलो शेवटी चाकणला, बाळ्याच्या कंपनीत. कुणाला न सांगता. सुपरवायझर वर-खाली बघून म्हणाला, "तुम्ही ‘बस चुकली’वाले ना? मग इथं कशाला?" हसलो. सोमवारपासून या म्हणाला, फर्स्ट शिफ्ट.
गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो. पोरं शिफ्ट संपवून बाहेर पडत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिथंच चार ओळी आल्या. घरी येऊन म्हणून बघितल्या. चांगल्या आहेत. ‘बस चुकली’पेक्षा चांगल्या.
बाळ्याला पाठवल्या नाहीत अजून. पाठवल्या की त्याचंच खरं ठरेल, आणि सोमवारी जावं लागेल.