खिडकीतली पटाशी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, एका सुताराची विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे.

१. राहतं घर लेकीला. वरच्या खोलीचं दार ओल धरून फुगतं. ते तासून घ्यावं, जावयांनी लाथ मारू नये.

२. पुस्तकं वाचनालयाला. मी चाळिशीनंतर माझी माझी वाचायला शिकले, म्हणून समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले आहेत. ते खोडू नयेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

३. सोन्याच्या दोन बांगड्या धाकट्या जाऊबाईंना. बारा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचा खून झाला आणि भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, जन्मठेप झाली. साक्ष माझी होती. तेव्हा त्यांची बायको माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, डोळ्यांनी पाहिलंत का? मग तोंड कसं उघडलंत?" मी दार लावून घेतलं. बांगड्या त्या फेकून देतील. लेकीने उचलून पुन्हा द्याव्यात.

४. कारखाना, दोन्ही बाकं आणि ह्यांची सगळी हत्यारं भाऊजींना. याचं कारण लिहिणं भाग आहे.

आमच्याकडे शिस्त होती की दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही. ह्यांना मारलं ते भाऊजींच्या पटाशीने, लाकूड कोरायच्या धारदार छिन्नीने. त्याच सकाळी एक फळी आखूड कापली गेली म्हणून भावाभावांत जुंपलीही होती. कोर्टात मी सांगितलं, "ती पटाशी त्यांच्याशिवाय कुणी उचलत नाही." वकिलांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

गेल्या वर्षी, तेव्हा आमच्याकडे लाकूड आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर दुसऱ्या एका चोरीत पकडला गेला. ह्यांचं घड्याळ त्याच्याकडे निघालं, आणि त्याने सगळं कबूल केलं. फळ्या पळवताना ह्यांनी त्याला धरलं होतं. भाऊजी अकरा वर्षं आत काढून निर्दोष सुटले. निकालाची प्रत मी शब्दकोश घेऊन नऊ दिवसांत वाचली. चौसष्टाव्या पानावर ड्रायव्हरचा जबाब आहे. पटाशी कारखान्याकडे उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडली होती, तिथून त्याने उचलली.

ते पान मी चार वेळा वाचलं. ह्यांचा खून झाला त्या दुपारी तेलाच्या डब्याचं झाकण निघेना. दोघे भाऊ बाहेर गेले होते. मी भाऊजींच्या बाकावरून पटाशी आणली, झाकण उचकटलं आणि ती खिडकीत ठेवून दिली. कोर्टात "कुणी" म्हणताना मी स्वतःला त्यात धरलंच नव्हतं. बारा वर्षांत हे एकदाही आठवलं नाही.

भाऊजी सुटल्यावर घरी आले, बसताना स्टूल हलवून पाहिलं. म्हणाले, "वहिनी, हे अजून डुगडुगतंय. आत मी चारशे केली, एक हललं नाही." चहा घेतला आणि गेले. निकाल त्यांनीही वाचला आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खिडकीचं त्यांना माहीत आहे. मला एका शब्दाने विचारलं नाही.

५. हे पाकीट मी गेल्यावर फोडावं, असं लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून आलेले शेजारचे घड्याळजी म्हणाले, "काकू, गेल्यावर कशाला? मग त्यांनी शिव्या द्यायच्या कुणाला?" ती अट मी खोडली आहे. उद्या सकाळी चौथं कलम मी भाऊजींना स्वतः वाचून दाखवणार आहे. त्यानंतर त्यांना माझ्या हातून काही नको असेल, तर तो त्यांचा हक्क. कारखाना तरीही दुसऱ्या कुणाला देऊ नये. किल्ली त्यांच्या नावाने घड्याळजींकडे राहील, ते मागतील तोवर, किंवा कायमची.

लिहून देणारीची सही (पाचव्या कलमातली खाडाखोड मीच केली आहे)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारचे घड्याळजी
२. समोरच्या शिंपीणबाई

ठिकाण: कारखान्यामागचं घर
दिनांक: ३ मार्च