उत्तरदायी व्यक्ती

४ फेब्रुवारी

ठमी आज हललीच नाही! दादा आत बसला, पट्टा लावला, रोजच्यासारखा म्हणाला, "चल गं बाई." गाडी म्हणाली, "उत्तरदायी व्यक्ती आढळली नाही." त्याने दार उघडून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी गॅलरीतून ओरडले, "काय झालं रे?" तर म्हणतो, "मी आढळलो नाही!"

हसलो दोघं. पण मग तो डबा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. शेवटी मी खाली गेले आणि हाताला धरून वर आणला. हाताला धरायची सवय सुटली होती आमची.

५ फेब्रुवारी

परिपत्रक वाचलं. आपोआप चालणाऱ्या गाडीत यापुढे पुढच्या सीटवर एक 'उत्तरदायी व्यक्ती' हवीच. परवानाधारक, जागी, शुद्धीवर, नजर चांगली असलेली. दुसऱ्या एका शहरात अशी एक रिकामी गाडी अँब्युलन्सच्या वाटेत आडवी थांबली. तिला बाजूला घ्यायला आत कुणी नाही. अँब्युलन्समधला पेशंट गेला. म्हणून नियम. आता याला वाईट तरी कसं म्हणू? रागवायचीही सोय नाही!

दादाची नजर कडेकडून मिटत मिटत गेली, आमच्या मामांसारखीच. तो चहाच्या कंपनीत चव घेतो — चमच्याने सुर्रकन ओढायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, आणि कुठला चहा कशात मिसळायचा ते सांगायचं. डोळे गेल्यावर साहेब म्हणाले, जीभ शाबूत आहे ना, मग या. पण कंपनी गावाबाहेर, तिकडे बस नाही. सरकारच्याच चाचणी योजनेत ही गाडी मिळाली तेव्हा कुठे तो पुन्हा एकटा घराबाहेर पडायला लागला. रस्त्यात कागद उडाला तरी थबकते, म्हणून तिचं नाव ठमी.

रात्री जेवताना म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. सरकार म्हणतं, आधी दोन घेऊन ये, मग एक देतो!"

आई हसली नाही.

९ फेब्रुवारी

समोरच्या काकांकडे परवाना आहे, दिवसभर रिकामे असतात. तयार झाले बिचारे, नेत्रतपासणीही करून आले. उत्तरदायी म्हणून पुढे बसले आणि नाक्यापर्यंत जाईतो घोरायला लागले. गाडीतल्या कॅमेऱ्याला मिटलेले डोळे दिसले, ठमी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी! मागे दादा टक्क जागा, पुढे डोळस माणूस ढाराढूर. दादा सांगत होता, "दोघांत मिळून एक डोळा उघडा नव्हता बघ."

काका उद्यापासून येत नाहीत. काकू म्हणाल्या, काही झालं तर उत्तर कुणी द्यायचं? बरोबरच आहे त्यांचं.

१३ फेब्रुवारी

सूचना-हरकतींची सुनावणी. दादाला घेऊन गेले. मोठी खोली, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, माइक मधूनच किंचाळणारा. आमचा नंबर जेवणानंतर आला. दादा छान बोलला. "मला गाडी चालवायची नाहीये साहेब, कामावर जायचंय." अधिकारी मध्यमवयीन, भला माणूस. नीट ऐकून घेतलं, मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमची अडचण मला अगदी पटते. सूचना नोंदवून घेतली आहे." दादाने विचारलं, "मग उद्या गाडी सुरू होईल?" ते काहीच बोलले नाहीत. दादाला वाटलं, उठून गेले. मी सांगितलं, आहेत, समोरच आहेत.

त्यांनी आम्हाला पाणी दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

कंपनीच्या साहेबांचा फोन. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरा माणूस बघावा लागेल.

मी परवाना काढते. शिकाऊ दिवाळीपासून नुसता पडून आहे. माझं दातांच्या डॉक्टरांकडचं काम दुपारी असतं, सकाळी दादाला सोडून येईन. आई म्हणाली, "आपोआप चालणाऱ्या गाडीत नुसतं बसायचं, त्यासाठी तू गाडी चालवायला शिकणार?" हो. "गाडीला अक्कल आहे, माणसांनाच नाही," म्हणत ती आत गेली.

दादा लगेच सुरू. "या, उत्तरदायी बाई, बसा!"

१९ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर पान खातात आणि देवाचं नाव घेतात, दोन्ही माझ्यामुळे वाढलंय. समोर मी झकास जाते. पण कडेला लावलेले ते प्लॅस्टिकचे खांब! आज परत आडवे केले. "ताई, खांबांशी वैर आहे का काही?" म्हटलं, मास्तर, ते मधेच उगवतात हो! खरंच तसंच वाटतं. नसतात, आणि एकदम असतात.

सगळी नक्कल करून दादाला सांगितलं. आई पोट धरून हसली. दादा हसला नाही. चहाचा घोट तोंडात घोळवत बसला, जणू मी केलेल्या त्या पाणचट चहातही काही शोधण्यासारखं होतं.

२० फेब्रुवारी

दादा विचित्र वागतोय. दुपारी मी निघताना विचारलं, "काल दाराजवळची बादली तूच लाथाडलीस ना?" हो. "आणि परवाचं स्टूल?" म्हटलं, आता हिशेब ठेवतोस का माझ्या धडपडीचा? "जिन्यात दिवा लावून येतेस हल्ली. दिवसासुद्धा. बटणाचा आवाज येतो मला." म्हटलं, जिन्यात अंधार असतो, तुला काय कळतंय! बोलून गेले आणि जीभ चावली.

तो म्हणाला, "राहू दे परवाना. मी नोकरी सोडतो." किती चिडले मी! एवढी धावपळ कुणासाठी चाललीय? घरात बसून भिंती चाटणार आहेस का? दारं आपटून कामावर गेले.

संध्याकाळपर्यंत रडू येत होतं. पेशंटला चुकीची वेळ दिली.

२४ फेब्रुवारी

पास!! मास्तरांनी शेवटी युक्ती सांगितली — "घुबडासारखी मान फिरवत राहा ताई, सारखी." फिरवली. एकही खांब पडला नाही! मास्तरांनी मला पेढा दिल्यासारखं स्वतःच पान खाल्लं.

धावत घरी. दादाला मान फिरवायची युक्ती सांगितली. तो नुसता, "हं." मग म्हणाला, "मीही शेवटची दोन वर्षं तशीच चालवली."

मला कळत नाही, असं नाही. कळून घ्यायचं नाहीये. आता फक्त उत्तरदायी व्यक्तीची नेत्रतपासणी उरलीय, ती झाली की ठमी सुरू. सोमवारी तो कामावर. बास.

२६ फेब्रुवारी

उद्या तपासणी. दादा बरोबर येतो म्हणतो. म्हटलं, तू काय करणार येऊन? "बाहेर बसेन."

आईने आज मामांचा विषय काढला. मी उठून गेले.

२७ फेब्रुवारी

नजरेचा घेर तपासतात. एका डोळ्यावर पट्टी, पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायची, हातात बटण. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "समोरच बघायचं, मान नाही फिरवायची. कडेला ठिपका चमकला की दाबा." बसले. बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. किती तरी वेळ गेला. मान अवघडली. शेवटी मीच विचारलं, "सुरू कधी करताय?"

बाई अगदी हळू म्हणाल्या, "केव्हाच सुरू केलंय, ताई."