नारळ धाडणारीचं नाव

९ ऑक्टो. ९७
तालीम. मंगळवार पेठ, बसूच्या दुकानामागं. मिरचीच्या पोत्यांशेजारी पेटी वाजवायची म्हणजे सुरापेक्षा शिंकाच जास्त. दादाचं नवं गाणं एकदाचं बसलं.

घरात बसून ठरला राजा, गावात वाजला बाजा
मत मागाया दारी न आला, कसा म्हणू मी माझा

ग्रामपंचायती बिनविरोध करायचं खूळ आलंय. चार मालक बैठकीत नावं ठरवतात, वर गावात एकी आहे म्हणून मिरवतात. बसूची ढोलकी फार चढते. तसं म्हटलं तर, "ताई, तुमचा आवाजच बारीक हाय की!" थोरल्या भावाच्या शाहिरीला साथ करण्यात निम्मा जन्म गेला, आता वाण्याची बोलणीही खायची.

१२ ऑक्टो.
शेवंता आली होती. शाळेतली मैत्रीण, नवरा कबनूरला यंत्रमागावर कामाला. उद्या आमचा कार्यक्रम तिथंच. म्हणाली, "बायकांच्या राखीव जागंवर मागमालकाची भावजय ठरलीया. मी परवा अर्ज भरणार. शेवटच्या दिवशी, कुणाला कळायच्या आत." नवऱ्याला सांगितलंस का, विचारलं. "त्येला बी न्हाय."
दादा समोरच होता. त्याचे डोळे चमकले. मला त्याचीच धास्ती वाटली.

१३ ऑक्टो.
कबनूरहून आत्ताच आलो.
मागांच्या खडखडाटावरून आवाज काढावा लागला, पण गर्दी दाट. बिनविरोधच्या गाण्याला बायकांतून नारळ आला. नारळ आला की धाडणाऱ्याचं नाव माइकवर घ्यायचं, मगच पुढचं कडवं. आबांपासूनची, म्हणजे वडलांच्या शाहिरीपासूनची रीत. दादाला चेव चढलेला. "शेवंताबाई महादेव कांबळे यांचा नारळ! आपल्या वॉर्डाच्या उद्याच्या उमेदवार!"
टाळ्या पडल्या. शेवंता पदर ओढून खाली बघत बसली. पुढच्या रांगेतला मालकाचा माणूस उठून गेला.
टेम्पोत कडाक्याचं भांडण. दादा म्हणे, "नारळ घेतला आन् नाव न्हाय घेतलं, म्हंजे तिचं तोंडच दाबलं की. आबांनी हेच शिकवलंय."
"आणि उमेदवार? ते पण आबांनी शिकवलं?"
बसू बाहेर बघत राहिला.

१५ ऑक्टो.
बसू इचलकरंजीला माल आणायला गेलेला, येताना कबनूर करून आला. शेवंतानं अर्ज भरलाच नाही. काल सकाळी महादेवला मागावरून काढलं. खोली मालकाचीच, तीही सोडा म्हणाले. ती तरीही अर्ज भरायला निघाली होती म्हणे, महादेव दारात आडवा बसला. जागा बिनविरोध. गुलाल उधळला, बाजा वाजला, अगदी आमच्या गाण्यात वाजतो तसाच.
दादा जेवला नाही. मला त्याची दया आली नाही. शेवंतासाठी रडू आलं, ते मोरीत जाऊन रडून घेतलं.

२ नोव्हें.
कबनूरला जाऊन आले. खोलीत दुसरं बिऱ्हाड. कुठं गेले, कुणी सांगत नाही. सांगायला तोंड उघडतात आणि मालकाच्या घराकडं बघतात.

२३ नोव्हें.
दादा आता नावच घेत नाही. नारळ आला की "एका माउलीचा नारळ" म्हणतो आणि पुढं रेटतो. लोकांना रुचत नाही. काल एक म्हातारा तोंडावर म्हणाला, "नाव घ्यायला लाजता व्हय, पावणं?" दादानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आवाज पण बसलाय त्याचा. गाण्यानं माणूस बोलायला लागतो, हे मी शाळेत माझ्या वर्गातल्या पोरांना किती वेळा सांगितलंय. आता सांगवत नाही.

१० जाने. ९८
आजरा. इथं दोन कार्यक्रम, एक आज, एक उद्या. गाण्याला बायकांतून नारळ आला. "एका भगिनीचा नारळ."
संपल्यावर एक बाई थेट पेटीपाशी. शेवंता! बोटं काळी पडलेली, काजू सोलून. महादेव त्याच कारखान्यात हमाली करतो. कारखान्याचे मालक कबनूरच्या मालकाचे पावणेच निघाले, पण ही कोण ते त्यांना अजून ठाऊक नाही.
मी तिचा हात धरला. ती दादाकडं वळली. 'दादा' अशी हाक नाही मारली, 'शाहीर' म्हणाली.
"शाहीर, माझं नाव का घेतलं न्हाईसा?"
"पुन्यांदा पोटावर पाय यील गं तुमच्या."
"पोट माझं हाय. तवा बी इचारलं न्हाईसा, आज बी इचारलं न्हाईसा."
दादा माइकची वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळली.
"उद्या मालक पुढं बसणार हायती," ती म्हणाली. "उद्या बी नारळ आणती मी." आणि गेली. महादेव लांब वडाखाली उभा होता. मान हलवत होता, नको नको अशी. ती आली तसा पाठ फिरवून पुढं चालू लागला.
दादानं आजवर मला कधी काही विचारलं नाही. आज जेवताना विचारलं, "काय करू, सांग की."
बसू म्हणाला, "ताईंनाच ठरवू द्या."
तिचं नाव, तिचं पोट, आणि ठरवायचं मी. तिनं तर आपलं ठरवून टाकलंय. मग महादेवचं काय? त्याला कोण विचारणार?
उद्या सहाला सुरू. दादाला अजून काही बोलले नाही.