शिवलेली पानं

आई,

गेल्या दोन महिन्यांत मी चार कादंबऱ्या वाचल्या. इंजिनियरिंगला गेल्यापासून गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, तुला माहीत आहे. त्यातून या चारही जर्मन. ड्रेस्डेनला येऊन अठरा वर्षं झाली तरी माझं जर्मन कारखान्यापुरतं आणि कचेरीतल्या अर्जांपुरतं. एका पानाला दहा-बारा शब्द फोनमध्ये बघावे लागतात. कामावर जाताना ट्राममध्ये वाचतो, येताना वाचतो, जेवणाच्या सुट्टीत वाचतो. त्या वाचून मला काय वाटलं ते रविवारी मला मुलीला सांगायचं आहे आणि ते मला जमत नाही. म्हणून तुला लिहितो आहे.

तुझी नात सतरा वर्षांची आहे. तू गेल्यावर दोन वर्षांनी झाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. त्यात 'आई' आणि 'बाबा' एवढे दोनच शब्द आपले. मार्चपासून ती उठेनाशी झाली. आधी शाळा बंद झाली, मग आमच्याबरोबर टेबलावर जेवणं, मग बोलणं. काय होतंय विचारलं की 'निश्ट्स'. काही नाही. मी रोज सकाळी तिच्या दाराशी चहा ठेवायचो आणि कामाला जायचो. संध्याकाळी कप तिथेच, वर साय धरलेली. आता ती क्लिनिकमध्ये आहे. जगून काय करायचं ते कळत नाही, असं तिने तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तिने नाही. ते वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं, माझं जर्मन चुकत असेल म्हणून. चुकत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिने एक चिठ्ठी दिली. तीन पुस्तकांची नावं, तिच्या बारीक अक्षरात, आणखी काही नाही. मी त्याच दिवशी लायब्ररीतून तिन्ही आणली आणि तेव्हा मला तू आठवलीस.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. तू फॉल-पिकोच्या दुकानात बसायचीस, मशीनच्या फळीवर एका बाजूला साडी आणि दुसऱ्या बाजूला वाचनालयाची कादंबरी. आधी तू वाचायचीस, मग मला द्यायचीस. आणि ज्या पानांवर कुणाचे वडील जायचे ती पानं तू कडेने शिवून टाकायचीस. बारीक धावदोरा, कागद फाटणार नाही असा सैल. परत देण्याआधी दोरा उसवायचीस, पण भोकं राहायचीच. वाचनालयातले काका एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुस्तकं वाचायला नेता की फॉल लावायला?" तू हसलीस आणि पुढची कादंबरी मागितलीस. आजही तिथल्या कपाटांत सुईची भोकं पडलेली पुस्तकं असतील आणि लोक म्हणत असतील, कसर लागली.

तर मीही तेच केलं. आधी मी वाचणार, मग शिवणार, मग तिला देणार.

पहिली कादंबरी एका बेटावरची. एक मुलगी सुट्टीत मावशीकडे राहायला जाते. बरी आहे. समुद्र फार आहे. धुक्याला या लोकांकडे इतके शब्द आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं लेखिकेने ते सगळे वापरले. कुणी माणूस मरत नाही, कुत्रा मरतो. मी कुत्र्याची दोन पानं शिवली. दुसरी मला आवडली नाही. त्यात एक न बोलणारा बाप आहे. तो मरतो, आणि मग मुलीला त्याची कागदपत्रं सापडतात आणि तिला बाप समजतो. हे मला खोटं वाटलं. तो जिवंतपणी चार वाक्यं बोलला असता तर पुस्तक तिसाव्या पानावर संपलं असतं, आणि मग ते विकत कोणी घेतलं असतं. त्याच्या मरणाची पानं शिवायला घेतली तर अर्धं पुस्तकच शिवावं लागलं. मध्ये मी माझ्या मनाने एक क्रिमी आणली, म्हणजे पोलिसी कादंबरी. ती मात्र मला खरंच आवडली. जो मरायचा तो पहिल्याच पानावर मरतो. पुढची चारशे पानं माणूस निवांत असतो. ती तिने दोन दिवसांनी तशीच परत केली.

बेटाची आणि बापाची कादंबरीही परत आली. दोरे जागच्या जागी. मला वाटलं, माझी शिवण टिकली. एका पुस्तकाला मला दोन-तीन आठवडे लागायचे, पण तिने एकदाही घाई केली नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही.

चौथी कादंबरी पातळ आहे. हिवाळा आहे, एक मुलगी आईवडिलांच्या घरात पलंगावर पडून आहे आणि उठत नाही. एवढंच. पुढच्या पानावर तरी उठेल म्हणून मी वाचत राहिलो. ट्राममध्ये माझा स्टॉप दोनदा चुकला. मला त्या लेखकाचा राग आला, की बाबा रे, तुझ्याच हातात आहे, उठव तिला. मध्ये एक आठ पानांचं प्रकरण आहे, त्यात ती मुलगी म्हणते की उद्या सकाळ झाली नाही तरी चालेल. ते वाक्य दिसलं आणि मी पुढचं भराभर चाळलं, आणखी तसं काही आहे का एवढंच बघत, आणि आठही पानं शिवून टाकली. पांढरा दोरा संपला होता. बायकोच्या डब्यात निळा होता.

गुरुवारी मी ते घेऊन गेलो. वॉर्डच्या दाराशी पिशवी तपासतात. चार्जरची वायर काढून ठेवतात, लोणच्याची काचेची बाटली परत करतात. याआधीचे पांढरे दोरे त्यांच्या नजरेतून सुटले होते, हा निळा दिसला. श्वेस्टरने, म्हणजे तिथल्या नर्सने, पुस्तक उघडून बोट घातलं, ते अडलं. "आल्झो, तर मग," ती म्हणाली, "तुमच्याकडे पुस्तकं शिवतात?" मी म्हणालो, माझी आई शिवायची. पुढचं मला जर्मनमध्ये सांगता येईना. ती हसली नाही. तिने हळूच सांगितलं, दोरा आत नेता येणार नाही. पुस्तक घरी न्या, नाहीतर मी कापते.

चेहऱ्याने तुझी लेक म्हणावी अशी तुझी नात तेव्हा मागे येऊन उभी होती. केस न विंचरलेले, पायात तिच्या आईने विणलेले मोजे. तिने पुस्तक बघितलं, दोरा बघितला.

"बाबा, मी हे वाचलंय," ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली. "दोनदा. तिन्ही वाचलेली आहेत."

"मग मागितलीस कशाला?"

"तू वाचावीस म्हणून."

श्वेस्टर बाजूला झाली. मग मुलीने विचारलं, "कशी वाटली?"

आई, तू दर पुस्तकानंतर मला हेच विचारायचीस. दात आणि ओठ यांच्यामध्ये सुई धरून, मान वर न करता. आणि मी जे तुला सांगायचो तेच माझ्या तोंडून निघालं. "बरी आहे."

ती आत गेली. दार लावलं नाही, ओढून घेतलं फक्त. तिथल्या दारांना आतून कडी नसते.

घरी येऊन मी दोरा उसवला. कात्री लावली नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका काढला, तुझ्यासारखा. आठ पानं वाचायला मला पूर्ण शनिवार लागला. ते एक वाक्य पहिल्याच पानावर संपतं. उरलेल्या सात पानांवर मुलीचा बाप आहे. तो रोज दाराशी चहा ठेवतो. ती त्याची पावलं ऐकते. कप टेकल्याचा आवाज ऐकते. आता तो आत येईल, काही विचारणार नाही, नुसता पलंगाच्या कडेला बसेल, म्हणून ती भिंतीकडे सरकून जागा करते. रोज. आणि पावलं निघून जातात. ही सात पानं मी शिवली होती.

बायकोला वाचून दाखवायला गेलो तर मला ती मोठ्याने वाचता येईनात. उद्या रविवार. तीन वाजता आत सोडतात. ती पुन्हा विचारेल की नाही, माहीत नाही. नाही विचारलं तर मीच सांगायचं आहे, आणि मला वाक्यं सुचत नाहीत. समुद्र फार आहे, बाप खोटा आहे, एवढीच माझी मतं. भीती वाटली हे कादंबरीबद्दलचं मत म्हणून चालतं का. तुला विचारलं असतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण तुला एक सांगायचं राहून गेलं आहे. सहावीत मी तुझ्या कात्रीने एका कादंबरीचा दोरा कापला होता. कागदही थोडा कापला गेला. तू एवढंच म्हणालीस, "कापडाची कात्री कागदाला लावायची नाही," आणि मग थांबून, "वाचलंस का?" मी नाही म्हणालो. तुझा चेहरा सुटल्यासारखा झाला.

मी वाचलं होतं. तेच नाही, सगळीच. तू फक्त कड शिवायचीस. पानं वरून नळीसारखी फुगवून धरली की आत डोळा घालून वाचता यायचं. दुकानामागच्या मोरीत बसून मी प्रत्येकाचे वडील वाचले, आणि बाहेर येऊन तुला बरी आहे म्हणालो. बरी नव्हती, आई. एकही बरी नव्हती.