मेलेल्या मालकाची नाडी

प्रिय ठमे,

बाबा आत्ता समोर न्हाव्याकडे गेलेत, म्हणून लिहायला बसले. फोनवर हे बोलणं जमायचं नाही. तुझा फोन आला की ते आधी स्पीकर लावतात आणि खुर्ची ओढून जवळ बसतात, मग मी काय कपाळ बोलणार? खिडकीतून न्हाव्याची खुर्ची दिसतेय, पांढऱ्या कापडातून बाहेर आलेलं त्यांचं डोकंही दिसतंय. हात चालतोय तोवर लिहिते. अक्षराला नावं ठेवू नकोस.

नाटकाची संध्याकाळ कशी गेली, हे तू दर फोनला विचारतेस. छान गेली, असं मी दरवेळी सांगते. आता नीट सांगते. तू त्या जेवता जेवता बघायच्या खुनाच्या नाटकाची तिकिटं पाठवलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू. एक तर जेवावं, नाहीतर नाटक बघावं. घास तोंडात असताना कुणी शेजारी येऊन मरायला लागलं तर घशाखाली काय उतरणार! पण बाबा कोण खूश झाले होते. कोट इस्त्रीला दिला, बूट स्वतः घासले. दारात एक पोरगी उभी होती, तिने सगळ्यांना बजावून सांगितलं की आत गेल्यावर कोण नट आणि कोण वाढपी ते आम्ही सांगणार नाही. कुणीही येऊन काहीही विचारेल. मनाला येईल ते उत्तर द्या, खरं-खोटं करत बसू नका. बाबांनी मान डोलावली. मला वाटलं, कळलं असेल.

हॉल एखाद्या जुन्या हॉटेलासारखा सजवला होता, गोल टेबलं, मंद दिवे. आमच्या टेबलावर एक दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा होता, नुकतंच लग्न झालेलं, सारखे एकमेकांच्या ताटातलं उचलत होते. सूप आलं. त्या गोष्टीतला हॉटेलचा मालक, म्हणजे एक जाडगेला नट, सगळ्यांचे हात हातात घेत फिरत होता. आमच्याजवळ आला, घोटभर काहीतरी प्यायला, गळा धरला आणि धाडकन खाली. बायका किंचाळल्या, लोक हसले. डॉक्टरणीने मोबाइल वर केला. आणि तुझे बाबा खुर्ची मागे सारून उठले.

पुढचं तू डॉक्टरणीच्या व्हिडिओत बघितलंस. गुडघ्यांवर बसले, नाडी धरली, पापणी उघडून बघितली, कॉलर सैल केली. आणि तो आवाज! अगं, दुकान बंद केल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. गर्दी करू नका, वारा येऊ द्या, काय प्यायले ते ग्लासासकट इकडे आणा, ग्लास धुवायचा नाही. दोन वाढपी खरंच धावले. मेलेला मालक हळूच काहीतरी पुटपुटला तर त्याला म्हणाले, बोलायचं नाही, पडून राहा, मी आहे. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मीसुद्धा वाजवल्या. म्हटलं, बघा आमचा माणूस, आयुष्यभर काउंटरमागे गोळ्या मोजल्या, पण अंगात कला होती हो! डॉक्टरीण माझ्या कानाशी म्हणाली, काकू, काका आधी नाटकात होते का? मी ऐटीत म्हटलं, छे, औषधांचं दुकान होतं.

मग इन्स्पेक्टर आला, म्हणजे इन्स्पेक्टर झालेला नट, मिशीला डिंक लावलेला. त्याने बाबांना साक्षीदार म्हणून उभं केलं. नाव विचारलं, धंदा विचारला, बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. मग त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, या बाई कोण? बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ओळखीच्या आहेत. दुकानात येतात, आईचं दम्याचं औषध न्यायला. हॉल हसला. इन्स्पेक्टरला तेवढंच हवं होतं, म्हणाला, नुसत्या ओळखीच्या? की लग्नाबिग्नाचा विचार आहे? तर बाबा मान खाली घालून म्हणाले, अजून विचारलं नाही.

काय हशा उसळला, ठमे! शिट्ट्या वाजल्या. तू लिहिलंस की तुझ्या ऑफिसातल्या मुली रडल्या म्हणे, इतकं गोड! मीपण लाजले, या वयात. पण तुला व्हिडिओत जे ऐकू येत नाही ते मी सांगते, कारण टाळ्यांत ते बुडालं. खाली बसता बसता ते माझ्याकडे वाकले आणि अगदी अदबीने म्हणाले, तुमच्या आईंचा खोकला आता कसा आहे? अहो-जाहो करून. आजी तू जन्मायच्या आधी गेली. तिला खांदा यांनी दिलाय. पुढे काय वाढलं, खून कुणी केला, मला विचारशील तर काहीही माहीत नाही.

शेवटी मेलेला मालक उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करायला लागला. लोक त्याच्याकडे बघत होते, मी बाबांकडे. ते घाबरले होते गं. माझी बाही त्यांनी मुठीत घट्ट धरली. मग त्यांना स्टेजवर नेऊन बक्षीस दिलं, सगळ्यात उत्तम साक्षीदार म्हणून. तो पितळी बिल्ला आता टीव्हीवर ठेवलाय. टॅक्सीत बसल्यावर गाडीवाल्यालाच सांगायला लागले, वाचला बरं का, वेळेवर ओकारी काढली असती तर इतकंही झालं नसतं. घराच्या दारात मला नेहमीसारखी हाक मारली, किल्ली कुठेय म्हणून विचारलं. म्हटलं, देवा, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन कोट चढवला. कुठे निघालात? तर त्या माणसाला दवाखान्यात बघून येतो.

तू म्हणशील, वय झालं, होतं असं. मीही वर्षभर तेच म्हणतेय. चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा हसलो दोघं. पण परवा त्यांनी माझी प्रेशरची गोळी काढून हातावर ठेवली, मी घेतली. अर्ध्या तासाने परत एक. म्हटलं, आत्ताच तर दिलीत. भडकले. म्हणाले, मला शिकवतेस? सगळा गाव माझ्या हातची गोळी डोळे मिटून घ्यायचा! खरंच घ्यायचा. मी ती दुसरी गोळी जिभेखाली धरली आणि मोरीत जाऊन थुंकली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. मी निदान थुंकू शकते.

आणि इकडे तुझं बोलावणं. पुढच्या महिन्यात तू कामावर रुजू होणार, बाबा एकटे तुझ्याकडे येणार, दिवसभर छोटीला सांभाळणार. तिला तापात झटके येतात, दुपारचे थेंब मोजून द्यायचे. तू लिहिलंस, घरात औषधांचा माणूस असल्यावर मला घोर नाही. ते वाक्य त्यांनी न्हाव्याला, दूधवाल्याला, जिन्यात भेटेल त्याला ऐकवलंय. बॅग केव्हाच भरलीय. एक लाकडी बदक आणलंय, दोरी ओढली की मान हलवतं. रोज रात्री बॅगेतून काढून चालवून बघतात आणि परत ठेवतात. दुकान गेल्यापासून त्यांच्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं गं. कुठल्या तोंडाने सांगू त्यांना, की जाऊ नका?

म्हणून हे पत्र. छोटीला त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नकोस. एक तासही नाही, खाली भाजी आणायला जाशील तेवढा वेळही नाही. पण येऊ नका असंही म्हणू नकोस, ते त्यांना सोसायचं नाही. दोन तिकिटं काढ. शिवणाचा वर्ग मी बंद करते, मुलींना कारण सांगेन काहीतरी. बाबांना सांग, आईचे गुडघे दाखवायला तिकडच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिथे गेल्यावर डॉक्टर आम्हा दोघांनाही तपासू देत. छोटीला खुशाल त्यांच्या मांडीवर दे, बदक चालवू दे, पण थेंबांची बाटली माझ्या हातात दे. आणि तो व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघ. मी एकटीने बघितला, आता तू बघ. न्हाव्याने कापड झटकलं. पैसे दिले वाटतं, बाबा बाहेर आले. छान कापलेत केस. फुटपाथवर उभे आहेत. एकदा डावीकडे बघतात, एकदा उजवीकडे. रस्ता रिकामा आहे, तरी ओलांडत नाहीत. आपलं दार समोर आहे, अगदी समोर. मी जाते खाली.

तुझीच,
आई